घरची बिअर आणि तांड्यावरची भट्टी

शहरांतील तरुण मंडळींना अलीकडे एक नवी हौस लागली आहे. घरच्या घरी बिअर बनवण्याची. पुण्यात 2009 साली 'डूलाली'ने जागेवर तयार केलेली ताजी बिअर विकायला सुरुवात केली आणि बिअर हा केवळ कारखान्यातून बाटलीबंद येणारा पदार्थ नव्हे, हे अनेकांना प्रथमच उमगले. मग पुढचा प्रश्न ओघानेच आला. हे आपल्याला घरी जमेल का?

कृती ऐकली तर तशी सोपी आहे. मोड आणून वाळवलेला जव भरडायचा, सुमारे 65 अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे त्यातील पिठूळ भागाची साखर होते. ते पाणी गाळून, हॉप्सची फुले घालून तासभर उकळायचे. 20 अंशांच्या आसपास निववून त्यात यीस्ट सोडायचे आणि आठ-पंधरा दिवस वाट पाहायची. आमच्या सोलापुरात पहिली अडचण इथेच येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा 20 अंश आणायचे कोठून? उष्म्यात यीस्ट पिसाटल्यासारखे काम करते आणि चव बिघडवून टाकते.

खरे तर आंबवणे आपल्या स्वयंपाकघराला नवीन नाही. ज्वारीचे पीठ रात्रभर भिजवून केलेली आंबील आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात प्यायली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. हीच ज्वारी आफ्रिकेत मात्र बिअरचे धान्य म्हणून ओळखली जाते.

दुसरी अडचण कायद्याची. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आजही, महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने, लागू आहे. त्याच्या 12 व्या कलमानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. कायद्याच्या लेखी हौशी तरुणाचे पातेले आणि तांड्यावरची हातभट्टी यांत फरक नाही. समाजाच्या लेखी मात्र जमीन-अस्मानाचा आहे. एकाला आपण छंद म्हणतो, दुसऱ्याला गुन्हेगारी.

दोन्ही वस्तू एकच आहेत, असे मला म्हणायचे नाही. बिअर नुसती आंबवलेली असते, हातभट्टीची दारू गूळ व नवसागर घालून आंबवून पुढे ऊर्ध्वपातन केलेली. तिच्या तीव्रतेला माप नाही, आणि नफ्यासाठी त्या धंद्यात कोणी मिथेनॉल मिसळले की काय होते ते मालवणीत 2015 च्या जून महिन्यात शंभराहून अधिक बळी गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. भट्टीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिची खरी किंमत त्या घरातील बाई आणि पोरे मोजतात.

पण मग कायद्याचा रोख नुकसानीवर आहे की आणखी कशावर? जरा मागे जाऊ. इंग्रज सरकारने 1878 साली मुंबई अबकारी कायदा आणून ताडी-दारूचा व्यवहार परवान्यांच्या चौकटीत बसवला. 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही बंधने आली. सरकारला दारू नको होती असे नव्हे. महसूल न देणारी दारू नको होती. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा इतिहास तर अधिक बोलका आहे. तेथील नगरपालिकेने ज्वारीच्या बिअरची मक्तेदारी स्वतःकडे घेतली आणि घरी तीच बिअर करून पोट भरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना गुन्हेगार ठरवले. 1959 साली केटो मॅनर वस्तीतील स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि त्यांनी नगरपालिकेच्या बिअरगृहांवर मोर्चे नेले.

आपल्या शेजारच्या गोव्यात लहान भट्टीवरच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 साली तिला वारशाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले आणि धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा वर्ग निर्माण केला. त्यातून सुमारे चौदा हजार कोटी रुपयांची वाढीव मिळकत अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे धान्याची दारू होणारच आहे. प्रश्न फक्त ती कोणाच्या भांड्यात, एवढाच!

गावातील बायकांच्या हाती 2008 च्या नियमांनी एक शस्त्र दिले. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले की दुकान बंद होते. परंतु गंमत अशी की हे शस्त्र परवाना असलेल्या दुकानावरच चालते. भट्टीला परवानाच नाही, तो रद्द कसा करणार?

याचे एक उत्तर आमच्या जिल्ह्यानेच शोधून पाहिले. सोलापूर शहराला लागून असलेला मुळेगाव तांडा हातभट्टीसाठी बदनाम झाला होता. 2021 साली तत्कालीन ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. छापे होतेच, पण अधिकाऱ्यांनी गावे दत्तक घेतली, भट्टीवाल्यांशी बोलणी केली, त्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्याची खटपट केली. एरवी छापा पडतो, पिंपे फुटतात, आणि काही दिवसांत त्याच ओढ्याकाठी पुन्हा धूर दिसतो. हे चक्र मोडायचे तर माणसाच्या पोटाचा विचार करावा लागतो, हे येथे पोलिसांनी ओळखले. बंजारा समाज एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ देशभर वाहून नेत असे. रेल्वे आली (सोलापुरात ती 1860 साली पोचली) आणि तो व्यापार संपला. समाजातील बहुसंख्य लोक पुढे शेती, मजुरी, ऊसतोडणी यांकडे वळले. काहींच्या वाट्याला भट्टी आली.

माझी नोकरी बँकेत गेली. कर्जाचे अर्ज वाचण्याची सवय असलेल्या माणसाला भट्टी हा आधी एक हिशेब दिसतो. सातबारा लागत नाही, जामीन लागत नाही, माल विकला की त्याच दिवशी रोख हाती. याउलट भट्टी सोडणाऱ्या बाईला आपण शेळ्यांसाठी कर्ज देतो. करडू विकण्याजोगे व्हायला आठ-दहा महिने लागतात. शिलाई यंत्र दिले तर हात बसायला आणि गिऱ्हाईक जमायला तितकाच काळ जातो. तोवर आठवड्याच्या बाजाराला पैसे कोठून आणायचे? माणसे भट्टीकडे परततात ती याच मधल्या महिन्यांत. त्यांना स्वभावदोष चिकटवून आपण मोकळे होतो.

म्हणून मला वाटते, मद्यधोरणात ही मधली दरी भरण्याची तरतूद असली पाहिजे. हप्ते वर्षभराने सुरू होणारे कर्ज, तोपर्यंत महिन्याला घरखर्चापुरती निश्चित रक्कम, आणि सोलापूरच्या गणवेश-उद्योगात पगारी उमेदवारी. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. एका अधिकाऱ्याच्या कळकळीवर उभी राहिलेली योजना तिच्याबरोबर जाऊ नये, यासाठी ती अंदाजपत्रकात लिहिलेली हवी. चौदा हजार कोटींतला छोटासा वाटाही त्याला पुरेल.

घरी बिअर करू पाहणाऱ्या तरुणांनी उद्या परवान्याची मागणी केली तर तिचा विचार शांतपणे व्हावा. ब्रिटनने 1963 साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली, अमेरिकेने 1978 साली कायदा बदलला, आणि तेथे आभाळ कोसळले नाही. मात्र हौशी मंडळींच्या पातेल्यासाठी कायदा सैल करताना तांड्यावरच्या बाईला केवळ आरोपी म्हणून उभे करू नये. तिला परवाना नको आहे. पुढच्या आठ-दहा महिन्यांचा बाजार हवा आहे.