बायकांकडचा कॅमेरा

चिपळूणचा निकाह आटोपून घरी रत्नागिरीला जायचे असले की आम्हा दोघा नवराबायकोंना मांडवी एक्स्प्रेस सोयीची पडते. बसायला जागा मिळाली की पहिले काम कार्डे वेगळी करण्याचे. पुरुषांकडची एका पाकिटात, बायकांकडची दुसऱ्या. बायकांच्या बाजूला आमच्यातली बाईच कॅमेरा घेऊन जाते, निवडही तीच करते. ते फोटो नवरीच्या आईच्या हाती दिले की आमच्याकडचे पुसून टाकतो. नमुना म्हणून ते कुणाला दाखवत नाही. त्यामुळे चार कामे कमी मिळतात, मिळोत. (आम्हाला पडद्याची ताकीद देणाऱ्यांच्याच भाच्या मोबाईलवर स्टेटस ठेवतात, ते वेगळे!)

काही घरांत फोटो नकोच म्हणतात. आम्ही वाद घालत नाही. पण दादीचा फोटो विचारला तर अशा घरांतून बहुधा एकच निघतो, हजच्या कागदांसाठी काढलेला. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला बोट जायची. कितीतरी बायका कॅमेऱ्यासमोर बसल्या त्या तेवढ्याच कामापुरत्या. ओढणी घट्ट, चेहरा कावराबावरा. आता नातवंडे तोच फोटो मोठा करून मागतात. डाग, घड्या आम्ही काढून देतो. डोळ्यांतली भीती तशीच राहते.

मागच्या निकाहात एका आजींनी आपणहून हाक मारली, "इकडे ये गो, माझा एक काढ. सुनेकडे दे, ती कपाटात ठेवील." दुपट्टा सारखा करून त्या खिडकीपाशी बसल्या. आम्ही एकच प्रत छापली.