पावसाचे भात आणि दहावा वाटा

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज ही इस्लामची पाच कर्तव्ये शाळेच्या पुस्तकातूनही अनेकांना पाठ असतात. या अंकासाठी लेख वाचताना मी जकातीपाशी अडकलो. साठवलेल्या धनावर चांद्रवर्षाला अडीच टक्के, एवढेच आपण ऐकलेले असते. शेतीच्या उत्पन्नाचा वाटा, ज्याला उश्र म्हणतात, त्याची चर्चा क्वचितच होते.

त्याचा हिशेब राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातल्या भातशेतकऱ्यालाही चटकन कळेल. केवळ पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा. मोट, पंप किंवा विकतचे पाणी लागले असेल तर विसावा. घाम आणि खर्च वाढला की देणे निम्म्यावर! आणि हे देणे वर्ष संपायची वाट पाहत नाही. कुराण कापणीच्या दिवशीच ते द्यायला सांगते. किती धान्यापासून ते लागू होते, यावर मात्र इमाम अबू हनीफा आणि इतर फकीहांत (धर्मशास्त्रज्ञांत) मतभेद आहेत.

आपल्याकडे खळ्यावर बलुते निघे, पण ते कामाचा मोबदला होते. जकातीत घेणाऱ्याने काहीच परत करायचे नसते. गरीब, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी असे आठ हक्कदार कुराणाने ठरवले आहेत. हक्कदार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण जकात ही मेहेरबानी नव्हे.

रोज्यात आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत, हज फक्त ऐपत असलेल्यावर: बाकीच्या कर्तव्यांतही माणसाची परिस्थिती अशीच पाहिली जाते. त्यांवरचे लेख आत आहेत. सुरुवात उश्रवरच्या लेखापासून करावी, अशी माझी विनंती.