इंजिनाचे बिल आणि घसाऱ्याचा हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक अंदाजपत्रकाला धक्का देणारे प्रसंग तसे मोजकेच असतात. आजारपण, मुलांच्या प्रवेशाचे शुल्क, घराची गळती हे त्यांतले परिचित. त्यांत आता आणखी एकाची भर पडली आहे. गॅरेजमधून निरोप येतो : ‘इंजिनाचे काम निघाले आहे, इंजिन उतरवावे लागेल.’ मग पतपेढीच्या आकस्मिक कर्जाची चौकशी होते, मुदत ठेव मोडावी की काय यावर घरात चर्चा झडते आणि अखेर ‘ही गाडी आता विकूनच टाकू’ या वैतागापाशी विषय येऊन थांबतो. या वैतागात घेतलेला निर्णय पुष्कळदा चुकीचा ठरतो, आणि तो का चुकतो हे पाहणे उद्बोधक आहे.

१९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतरच्या काळात मोटार ही केवळ उद्योजक, डॉक्टर आणि वकील यांची वस्तू राहिली नाही. शिक्षक आणि कारकून यांनीही कर्ज काढून ती घेतली. या वर्गाला हप्त्यांचा हिशेब चोख समजला. घसाऱ्याचा हिशेब मात्र समजला नाही. वापराने आणि काळाने वस्तूचे मूल्य झिजते, त्या झिजेला घसारा म्हणतात. कोणताही व्यापारी तो दरवर्षी खर्ची टाकतो. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकराच्या नियमांनुसार सामान्यतः वर्षाला १५ टक्के घसारा धरता येतो. विमा कंपनीही तो विसरत नाही. मोटार विम्याच्या कोष्टकात चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीचे मूल्य मूळ किमतीच्या निम्मे धरलेले असते. विसरते ते फक्त घर. त्यामुळे दहा वर्षे साचलेली झीज एके दिवशी एकरकमी बिलाच्या रूपाने समोर येते, तेव्हा ती आपल्याला दैवी आपत्ती वाटते.

वस्तुतः इंजिन क्वचितच अकस्मात मरते. रेडिएटरच्या नळीतून पाणी ठिबकत असते, तापमापकाचा काटा वर चढत असतो आणि ‘घरापर्यंत तर जाऊ’ म्हणून गाडी तशीच हाकली जाते. तेवढ्या अंतरात ॲल्युमिनिअमचे हेड तापून वाकते, त्याखालचे गॅस्केट जाते, पाणी तेलात मिसळते आणि काही शेकड्यांचे काम हजारांच्या घरात जाऊन पोचते. तेल वेळेवर न बदलल्याने बेअरिंगे झिजतात. टायमिंग बेल्ट ठरलेल्या मुदतीत न बदलल्यास तो तुटतो आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. तात्पर्य, मोठे बिल हे बहुधा टाळलेल्या लहान बिलांचे चक्रवाढ व्याज असते.

विम्यावर भिस्त ठेवावी तर तीही फोल ठरते. झीज आणि यांत्रिक बिघाड हे मोटारीच्या सर्वसाधारण विम्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. बुडालेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केला, की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान पुराचे थेट नुकसान नव्हे, तर मागाहून ओढवलेले नुकसान आहे, असे म्हणून विमा कंपन्या दावा नाकारू शकतात. त्यासाठी जादा हप्ता भरून इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. याची जाणीव बहुतेकांना दावा नाकारल्यावरच होते.

चुकीची तुलना

आता मुख्य प्रश्न : दुरुस्ती करावी की गाडी विकावी? याबाबत एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक असेल, तर गाडी काढून टाकावी. ऐकायला हा नियम शहाणपणाचा वाटतो. पण अर्थशास्त्राच्या कसोटीला तो उतरत नाही. कारण दुरुस्तीच्या खर्चाची तुलना त्या गाडीच्या किमतीशी करावयाची नसून, ती गाडी गेल्यावर तिच्या जागी जे आणावे लागेल त्याच्या खर्चाशी करावयाची असते.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत. वाचकाने आपले घालून पाहावेत. समजा, एका माध्यमिक शिक्षकाची दहा वर्षांची छोटी मोटार आहे. चालू स्थितीत तिला दीड लाख रुपये येतील, बंद स्थितीत साठ हजार. पूर्ण इंजिनाच्या कामाचा अंदाज ऐंशी हजार आहे. वरील ठोकताळ्यानुसार गाडी विकावयास हवी. परंतु दुरुस्तीचा खरा खर्च पाहा. ऐंशी हजार रोख आणि न विकल्यामुळे सोडलेले साठ हजार, असे एक लाख चाळीस हजार होतात. गाडी आणखी चार वर्षे चालली आणि शेवटी चाळीस हजारांना गेली, तर निव्वळ खर्च एक लाख, म्हणजे वर्षाला पंचवीस हजार. जुन्या गाडीच्या जादा देखभालीचे पंधरा हजार आणि गुंतलेल्या रकमेवरील व्याजाचे सुमारे दहा हजार त्यात मिळवले, तरी वर्षाला पन्नास हजार होतात.

आता दुसरी बाजू. सहा लाखांची नवी मोटार पूर्ण कर्जावर, नऊ टक्के दराने, पाच वर्षांच्या मुदतीत घेतली, तर मासिक हप्ता साधारण १२,४५० रुपये पडतो. पाच वर्षांत सुमारे ७,४७,००० रुपये भरले जातात. त्यानंतर गाडीची किंमत निम्मी, म्हणजे तीन लाख उरली असे धरले, तर निव्वळ खर्च ४,४७,००० रुपये, वर्षाला जवळपास एकोणनव्वद हजार. नव्या गाडीच्या विम्याचा वाढीव हप्ता वेगळाच. म्हणजे ठोकताळा ज्या दुरुस्तीला उधळपट्टी ठरवतो, तीच येथे काटकसर ठरते. मात्र दुरुस्त केलेली गाडी दीड वर्षातच पुन्हा बंद पडली, तर हाच हिशेब उलटतो.

या हिशेबात एका गोष्टीला जागा नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘गेल्याच वर्षी नवे टायर टाकले, बॅटरी बदलली, आता कशी विकायची?’ असे पुष्कळजण म्हणतात. तो पैसा गेला. दुरुस्ती केली काय आणि न केली काय, तो परत येणार नाही. बुडालेल्या खर्चाने पुढचा निर्णय बांधला जाऊ नये, हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा आहे. तो पाळणे मात्र प्राध्यापकांनाही जड जाते.

अज्ञानाची किंमत

हे सारे गणित दोन आकड्यांवर उभे आहे : ऐंशी हजारांचा अंदाज खरा आहे काय, आणि गाडी खरोखर चार वर्षे चालेल काय? दुर्दैवाने हेच दोन आकडे मालकाला ठाऊक नसतात. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली लिहिलेल्या एका निबंधात अशा सेवांचा विचार केला. त्यांत मोटारदुरुस्तीचे उदाहरण होते. येथे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो. आणि काम झाल्यावरही ते सगळे आवश्यक होते की नाही, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. केवळ गॅस्केट आणि हेडचे काम पुरले असते तेथे पूर्ण इंजिन बांधले गेले, तरी गाडी चालू होतेच, आणि मालक समाधानाने पैसे मोजतो.

याचा अर्थ प्रत्येक मेकॅनिक लबाड असतो असा नव्हे. किंबहुना कान लावून दोष सांगणारे कुशल कारागीर आपल्या गावोगावी आहेत. पण ज्याचे ज्ञान अपुरे, त्याला प्रामाणिक आणि अप्रामाणिक यांतला फरक ओळखता येत नाही, हे या बाजाराचे मूळ दुखणे आहे. म्हणून काही पथ्ये पाळणे इष्ट. दोषाचे कारण आणि भागवार अंदाज लेखी घ्यावा. इंजिन उघडण्यापूर्वी सिलिंडरमधील दाबाची चाचणी करून घ्यावी आणि शक्य तर दुसऱ्या गॅरेजचे मत घ्यावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. आणि कर वाचवण्याच्या मोहाने बिलाशिवाय काम करू नये. मागूनही पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि पावतीच नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे आपली बाजू मांडणे अवघड होते.

परंतु सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे न्याय्य होणार नाही. दुसरे मत घ्यायचे, तर ते देऊ शकणारा दुसरा कारागीर हवा, आणि त्याच्या हाती साधने हवीत. आजच्या इंजिनाचा दोष संगणकीय उपकरणाविना पुरता सापडत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यामागे हेच कारण होते. अस्सल सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे अपिले झाली. दंडाच्या रकमेचा प्रश्न निराळा. मूळ मुद्दा मात्र मोलाचा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला. या हक्काला कायद्याचे बळ मिळाले पाहिजे. माहिती खुली झाली, तर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला काम मिळेल आणि पगारदाराला खरा अंदाज.

तोवर घराने आपल्यापुरते एक करावे. दहा वर्षांनी येणाऱ्या ऐंशी हजारांच्या बिलासाठी दरमहा सातशे रुपये बाजूला टाकले, तर व्याज न धरताही चौऱ्याऐंशी हजार जमतात. रक्कम लहान आहे. पण तिच्यामुळे निर्णय घेताना हात मोकळे राहतात. ज्याच्याजवळ ही शिल्लक आहे, तो दुसऱ्या गॅरेजचे मत घेण्यासाठी चार दिवस थांबू शकतो. ज्याच्याजवळ नाही, तो पहिलाच अंदाज मान्य करतो किंवा चालण्याजोगी गाडी कवडीमोलाने विकून नव्या कर्जात पडतो. बँकेचा हप्ता फिटला की गाडी फुकटात चालते, हा समज सुखद असला तरी खोटा आहे. इंजिनाचाही एक हप्ता असतो. तो पहिल्या दिवसापासून चालू असतो, फक्त त्याची मागणीपत्रे येत नाहीत.