बेन नेव्हिसच्या माथ्यावरील पाट्या
ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे स्कॉटलंडचा बेन नेव्हिस, १३४५ मीटर. डोंगरवाटांवर गमावलेल्या जिवलगांसाठी लोकांनी माथ्यावर पाट्या लावल्या, दगड रचले. २००० मध्ये हा माथा विकत घेणाऱ्या जॉन म्यूर ट्रस्टने पुढे ही स्मृतिचिन्हे हटवण्याचे ठरवले, तेव्हा अनेकांची मने दुखावली.

ते दुःख खरे आहे. तरीही ट्रस्टचे धोरण योग्यच.

धुक्यात तिथे वाट दाखवतात त्या दगडांच्या राशीच. जवळच फाइव्ह फिंगर गली ही जीवघेणी घळ आहे. आठवणीसाठी भलत्या जागी रचलेली रास उद्या दुसरे घर उजाड करील. स्मृतीसाठी पायथ्याशीच जागा असावी, म्हणजे थकलेल्या आईवडिलांनाही तिथे जाता येईल. या परिसरातील लॉकेबरचे बचाव पथक विनामोबदला राबते. गेलेल्याच्या नावाने त्यांना दोर, स्ट्रेचर द्यावेत.