नंबर बँकेचा, आवाज चोराचा

‘‘ताई, नंबर तर बँकेचाच होता हो!’’ बचत गटांच्या बैठकांमध्ये हे वाक्य मी आता कितीदा ऐकलंय! आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) या बायका खोटं बोलत नसतात. कधी कधी मोबाइलवर खरंच बँकेचाच नंबर उमटलेला असतो. पासबुकावर छापलेला असतो तोच.

हे कसं होतं? पोस्टाच्या पाकिटावर आपण ‘प्रेषक’ म्हणून नाव-पत्ता लिहितो ना, तो खरा की खोटा हे पोस्टमन काही तपासत बसत नाही. फोनचंही बरंचसं तसंच. इंटरनेटवरून कॉल करताना ‘माझा नंबर अमुक’ असं चोरानं भरलं, की तोच नंबर आपल्याला दिसू शकतो. परदेशातून भारतीय नंबरचा मुखवटा लावून येणारे कॉल अडवायची यंत्रणा सरकारनं २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केली, तर पहिल्या चोवीस तासांतच असे १ कोटी ३५ लाख कॉल सापडले! म्हणजे बघा.

त्यात ‘केवायसी’ हा शब्द आता घरोघरी पोचलाय. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’साठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा आमच्याकडे सेतू केंद्रापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत दुसरा विषय नव्हता. अशा बाईला कुणी दुपारी फोन करून ‘तुमची केवायसी राहिलीय, संध्याकाळी खातं बंद होईल’ म्हटलं, तर तिचा जीव खालीवर होणारच. तिला वेडी कशाला म्हणायचं?

आमच्या एका गटातल्या कोषाध्यक्षबाईंचं असंच झालं. बारावी झालेली, हिशेबाला चोख. फोनवरच्या माणसानं तिचं नाव सांगितलं, कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले, ‘मदतीसाठी’ म्हणून एक ॲप घ्यायला लावलं आणि ओटीपी विचारून घेतला. १९ हजार गेले. ती गप्प बसली. नवऱ्याला कळलं तर मोबाइल काढून घेतील, सासूबाई सुनावतील, गटात नाव खराब होईल... तिसऱ्या दिवशी पासबुक भरून आणलं, तेव्हा आणखी २२ हजार गेल्याचं दिसलं. तेव्हा कुठे माझ्याकडे आली.

पहिल्या संध्याकाळी नुसता एक फोन केला असता तर? १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार लवकर गेली, तर चोराच्या खात्यात पोचलेले पैसे काढून घेण्याआधी गोठवता येतात. आणि रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तर लिहिलंय, की ग्राहकाच्या चुकीनं ओटीपीसारखी माहिती दिली गेली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे ते २२ हजार ओटीपीपायी गेले असं मी म्हणणार नाही. ते घरातल्या बोलण्यांच्या धाकापायी गेले.

आमच्याच गावात एका निवृत्त साहेबांचे पैसे असेच गेले. तेव्हा सगळे हळहळले, ‘साहेबांना फसवलं हो!’ बाईचे गेले की मात्र ‘हिला अक्कल कुठाय?’ पुरवणी घरातले पुरुषही चाळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम लिहितेय.

मैत्रिणींनो, बँकेच्या नावानं फोन आला तर वाद घालू नका, सरळ ठेवून द्या. मग पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर स्वतः दाबून लावा. आलेल्या फोनचा नंबर खोटा असू शकतो, पण आपण स्वतः लावलेला फोन बँकेतच जातो. व्यवहाराबाबतचे कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. चांगलंच आहे. तरी १६०० दिसला म्हणूनही ओटीपी सांगायचा नाही. आणि पैसे गेलेच, तर आधी १९३० आणि बँक, रडणं-रागावणं त्यानंतर.

गेल्या बैठकीत दोघी-तिघी म्हणाल्या, तिच्याकडचं कोषाध्यक्षपद काढा. गटाच्या एका रुपयालाही धक्का लागलेला नव्हता. हात वर करून मतं घेतली आणि पद तिच्याकडेच राहिलं. मोबाइल मात्र अजून नवऱ्याच्या खिशात आहे. गटाचं काही काम निघालं, की आम्ही त्यांना फोन लावतो आणि ‘जरा वहिनींना द्या’ म्हणतो.