वांझ कोण?

प्रयोगशाळेतील गर्भाशी कला शाखेच्या विद्यार्थिनीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘वांझ’. हा शब्द पुरुषासाठी वापरलेला मी आमच्या भोकरच्या परिसरात कधी ऐकला नाही.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली. तिच्या जीवनाचा आरंभ आईच्या पोटात नव्हे, तर काचेच्या बशीत झाला होता. डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या परिश्रमांचे ते फळ. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हेच १९७८ साली साधले होते. परंतु त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे आनंद कुमार यांनीच त्यांचे कागद तपासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला.

त्या बशीत दिसते तरी काय? फलित अंडे एका मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे असते. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार, तिसऱ्या दिवशी साधारण आठ. पाचव्या दिवसाच्या सुमारास आतून पोकळ गोळा होतो. त्याच्या आतल्या पेशींपासून बाळ घडते, बाहेरच्यांपासून वार. परंतु कित्येक गर्भ या चार-पाच दिवसांतच आपोआप थांबतात. पुष्कळदा गुणसूत्रांतच बिघाड असतो. कधी मुळात शुक्राणूच दुर्बल असतात, तर कधी स्त्रीची बीजनलिका बंद असते. सूक्ष्मदर्शकाखाली कोणाचा शाप दिसत नाही, की फेडायचा राहिलेला नवसही दिसत नाही.

तरीही मूल न झालेल्या बाईला ओटी भरण्यास बोलावत नाहीत. नवऱ्याची साधी तपासणी न करता त्याच्यासाठी दुसरी सोयरीक पाहणारेही आहेत. हा कोणता न्याय?

मित्रमैत्रिणींनो, बशीत गर्भ वाढविण्याचा उपचार महागडा आहे. तो गरिबाच्या आवाक्यात यावा, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण त्यातून मिळालेले ज्ञान फुकट आहे. माझ्यासारखी, घरातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढलेली मुले-मुली येथे पुष्कळ आहेत. हे ज्ञान सोप्या मराठीत घरी नेणे हे आपले काम आहे. मूल होत नसेल तर तपासणी दोघांचीही व्हावी. आणि तपासणीत काहीही निघो, नाव कोणासच ठेवू नये.