शेतात मीठ चढते कसे?



समईतले तेल वातीतून आपोआप ज्योतीपर्यंत चढते. पावसाळ्यात जोत्याची ओल भिंतीत हातभर वर येते. बारीक पोकळीत पाणी किंवा तेल असे वर खेचले जाते, त्याला केशाकर्षण म्हणतात. पोकळी जितकी बारीक, तितकी चढण जास्त. 1 मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे 3 सेंटिमीटर चढते. नळी दहापट बारीक असेल तर 30 सेंटिमीटर.

मुरुडकरांना याचे काय? राजपुरी खाडीकाठची खार जमीन चिकण मातीची. तिच्या कणांमधल्या वाटा केसाहून बारीक आणि खाली थोड्याच अंतरावर खारे पाणी. भात कापले, ऊन तापले, की ते पाणी या वाटांनी वर येते. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. मार्च-एप्रिलात दिसणारा पांढरा थर तो हाच. खात्री करायची तर मिठाच्या पाण्याच्या ताटलीत विटेचा तुकडा उभा ठेवा. काही दिवसांत विटेवर मीठ फुललेले दिसेल.

म्हणजे बांध शाबूत असला, उधाण आत आले नाही, तरी शेत खारवते. बांध समुद्राला अडवतो, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याला नाही. त्यासाठी पुढील कामे करावीत :

1. कापणीनंतर वाफसा असतानाच उथळ नांगरट करावी. वरचा थर मोकळा झाला की बारीक वाटा तुटतात.

2. जमेल तेथे गवत, पातेरा पसरावा. नारळ-सुपारीच्या आळ्यांत सोडणे व झावळ्या घालाव्यात.

3. पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडावे, मीठ विरघळले की ओहोटीला उघाडीतून सोडावे. असे दोन-तीनदा करून मगच लावणी करावी.

4. लावणीनंतर पावसाने ओढ दिली तर आहे ते पाणी राखावे. शेत सुकले की मीठ पुन्हा वर येते आणि कोवळी रोपे शेंड्याकडून करपतात. वर्षाचे भात त्या चार दिवसांत जाते.

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या खारपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. पण जात मीठ सोसते, घालवत नाही. ते काम नांगराचे आणि पावसाच्या पाण्याचे.

उघाडी मात्र एकट्याची नसते. तिची झापे पावसाआधी सर्वांनी मिळून तपासावीत. एकाने आळस केला तर पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते.